जुना राउटर टाकू नका, ॲक्सेस पॉइंट करा

सोलापूरच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग, वर घर. आणि वरचं वायफाय खाली पोचत नाही. अशा वेळी जुना राउटर कामी येतो. त्याला ॲक्सेस पॉइंट करायचं, म्हणजे केबलने आलेलं नेट तो खाली वायफायने पसरवतो.

१. त्याच्या सेटिंगमध्ये 'ऑपरेशन मोड' उघडा, 'ॲक्सेस पॉइंट' निवडून सेव्ह करा.
२. मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून केबल आणून त्याला जोडा.
३. वायफायचं नाव-पासवर्ड मुख्य राउटरचंच ठेवा, चॅनल वेगळा: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११.

केबल नको म्हणून 'रिपीटर' मोडचा, म्हणजे मुख्य राउटरचं वायफाय हवेतूनच पकडून पुढे पाठवण्याचा, मोह होतो. पण एकाच बँडवर (म्हणजे समजा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर) तो वेग जवळपास निम्मा करतो, म्हणून एकदाची केबल ओढाच.

मोड बदलल्यावर जुन्या राउटरचा आयपी पत्ता बदलू शकतो. सेटिंगचं पान उघडेना झालं, तर नवा पत्ता मुख्य राउटरमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत पाहा.