द्राक्ष हंगामाआधी डेटा लॉगरचे सेल: बदलायची आणि तपासायची तयारी

डिसेंबरात कोल्ड स्टोअरेजच्या खोल्या रिकाम्या असतात आणि कॉम्प्रेसरची सर्व्हिसिंग चालू असते. डेटा लॉगरचं, म्हणजे खोलीचं तापमान ठरावीक अंतराने नोंदवून ठेवणाऱ्या छोट्या यंत्राचं, काम त्याच आठवड्यात उरकून घ्या. जानेवारीत माल पॅकहाऊसला यायला लागला की प्रीकूलिंगच्या (आलेला माल झटपट गार करायच्या) खोलीत शिरून लॉगर उघडायला कुणालाच सवड मिळत नाही. महिन्याभराने परदेशी बंदरात पेट्या उघडल्यावर देठ वाळल्याची तक्रार आली, तर आपल्या बाजूने तापमानाची सलग नोंदच बोलते. ती मधेच तुटलेली असेल तर कितीही चांगला माल पाठवलेला असो, पटवून देता येत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की स्क्रीनवरचं बॅटरीचं चिन्ह भरलेलं दिसो वा अर्धं, हंगामाआधी सगळ्या लॉगरचे सेल एकदम बदलावेत. उतरवलेले चांगले सेल ऑफिसातल्या घड्याळात किंवा वजनकाट्याच्या रिमोटमध्ये बसत असतील तर तिथे वापरा.

खरेदीला जाण्याआधी प्रत्येक लॉगरचं मॉडेल आणि आतल्या सेलवरचा पूर्ण नंबर वहीत उतरवा. बटन सेलच्या नंबरातच त्याचं माप असतं: सीआर 2032 म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी, तर सीआर 2450 चा व्यास 24.5 आणि जाडी 5. दोन्ही 3 व्होल्टचे, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. एलआयआर 2032 नावाचा सेल दिसायला अगदी तसाच असतो, मात्र तो रिचार्जेबल आहे आणि पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट देतो. तो लॉगरमध्ये घालू नका. मोठ्या लॉगरमध्ये बहुधा ईआर 14250 किंवा ईआर 14505 असतो, 3.6 व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराइड. यातला 14505 आकाराने साध्या पेन्सिल सेलएवढाच असल्यामुळे तो वेगळ्या डब्यात, वर मोठ्या अक्षरात व्होल्टेज लिहून ठेवा. कुणी तसे दोन सेल टॉर्चमध्ये घातले तर 3 व्होल्टच्या जागी 7.2 व्होल्ट जातात. सेल खात्रीच्या दुकानातून, बंद पाकिटात आणि तारीख बघूनच घ्या, काउंटरवरच्या बरणीतले सुटे नकोत.

टेबलावर एवढं सामान हवं: लॉगरच्या स्क्रूला बसणारा बारीक ड्रायव्हर, प्लास्टिकचा चिमटा, मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर), एक 1 किलोओहमचा आणि एक 330 ओहमचा रेझिस्टर (करंट ठरावीक मर्यादेत ठेवणारा सुटा भाग), आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड, सिलिकॉन ग्रीस, नव्या ओ-रिंग (झाकणाच्या फटीतल्या रबरी कड्या), ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या ताज्या पुड्या, चिकटपट्टी. लोखंडी चिमटा नको, सेलच्या दोन्ही बाजूंना तो एकदम टेकतो आणि शॉर्ट होतो. बटन सेल कडेने धरा, बोटाचा घाम आणि तेल पृष्ठभागावर राहिलं की तिथून करंट झिरपतो.

कुठलाही लॉगर उघडण्याआधी त्यातला जुना डेटा उतरवून घ्या आणि फाइल उघडून शेवटची नोंद खरोखर आली आहे का ते बघा. बहुतेक लॉगरमध्ये सेल काढल्यावर नोंदी शिल्लक राहतात, पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. लॉगर गार खोलीतून आणला असेल तर बंद पिशवीतच टेबलावर ठेवा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. शून्य अंशातून आणलेलं यंत्र लगेच उघडलं की बाहेरच्या हवेतली वाफ थेट सर्किटवर दवासारखी बसते. सेल काढल्यावर नवा घालण्याआधी एक-दोन मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो आणि घाईत सेल घातला की प्रोसेसर अर्धवट अवस्थेत अडकू शकतो.

द्राक्षाच्या खोलीत सेल बसतात त्या पट्ट्यांकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. पेटीतले ग्रेप गार्डचे (द्राक्षं सडू नयेत म्हणून ठेवलेले) पॅड सल्फर डायऑक्साइड वायू सोडतात, खोलीत आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर असते, आणि दोन्ही मिळून आम्ल तयार होतं. ते झाकणाच्या फटीतून शिरलं की पट्टीवर आधी मळकट थर चढतो, मग हिरवट डाग पडतात. थर अल्कोहोल लावलेल्या इअरबडने निघतो; डाग खोडरबरने हलक्या हाताने घासा आणि चुरा झटकून टाका. पट्टी बसकी झाली असेल तर किंचित वर उचला. सेल घातल्यावर लॉगर तळहातावर दोन-तीनदा आपटून बघा, स्क्रीन बंद होऊन पुन्हा चालू झाली तर पट्टीचा दाब कमी आहे. नोंदीत मधेच पाच-दहा मिनिटांची भोकं पडतात, त्यामागे बऱ्याचदा सेलऐवजी हीच ढिली पट्टी असते.

ओ-रिंग चपटी झाली असेल किंवा तिला चीर गेली असेल तर बदला, नाहीतर पुसून ग्रीसचा नुसता हात फिरवा. सिलिका जेल नवं घाला.

आता मल्टिमीटरविषयी, कारण तो बऱ्याच जणांना फसवतो. लिथियम सेलचं व्होल्टेज जवळजवळ संपेपर्यंत टिकून राहतं, थायोनिल क्लोराइडचं तर फारच. नुसते प्रोब लावून 3.6 दिसलं म्हणून सेलमध्ये जीव किती उरला हे कळत नाही. सीआर 2032 ला 1 किलोओहमचा रेझिस्टर जोडा, म्हणजे साधारण 3 मिलिअँपिअर ओढले जातील, आणि तसाच जोडलेला असताना मोजा. 2.8 च्या खाली घसरला तर बाजूला ठेवा.

थायोनिल क्लोराइडचा नवाकोरा सेल लॉगरमध्ये घातला आणि लॉगर उठलाच नाही, तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. बराच काळ, त्यातही उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या सेलच्या आत लिथियमवर क्लोराइडचा पातळ थर जमतो. त्याच थरामुळे सेल वर्षानुवर्षं टिकतो, पण पहिला लोड आल्यावर व्होल्टेज एकदम खाली बसतं. 330 ओहमचा रेझिस्टर लावून मीटरवर लक्ष ठेवा. आकडा आधी 3 च्या खाली जाईल आणि काही मिनिटांत हळूहळू वर सरकेल. वर आलेला सेल वापरा, जागचा न हललेला परत करा. रेझिस्टर आठवणीने काढा.

दुसरी नेहमीची तक्रार अशी की खोलीत असताना लॉगर बॅटरी कमी असल्याचं दाखवतो आणि बाहेर आणला की चिन्ह पूर्ण भरतं. हे यंत्राचं वेड नव्हे. थंडीत बटन सेलचा आतला रोध वाढतो आणि ब्लूटूथने डेटा पाठवण्याच्या क्षणी व्होल्टेज खचतं. नवा सेल घालूनही तसंच झालं तर ब्लूटूथने डेटा जितक्या वेळा पाठवला जातो ते प्रमाण कमी करा. स्क्रीनवरचे आकडे गारठ्यात सावकाश बदलतात, तो मात्र स्क्रीनचा स्वभाव आहे, त्यासाठी सेल बदलायची गरज नाही. नवा सेल काही आठवड्यांत संपत असेल तर नोंदीचं अंतर बघा, कुणीतरी एक मिनिट करून ठेवलेलं असतं. 16,000 नोंदींची मेमरी दहा मिनिटांच्या अंतराने 111 दिवस पुरते, एका मिनिटाने जेमतेम 11. अंतर बरोबर असेल तर सर्किटवर ओल किंवा पांढरट थर शोधा.

सेल बदलल्यावर घड्याळ लावणं सर्वात जास्त विसरलं जातं. लॉगर बहुधा कॉम्प्युटरची वेळ उचलतो, म्हणून आधी कॉम्प्युटरची वेळ आणि टाइम झोन तपासा. साडेपाच तासांची तफावत झालेली नोंद ग्राहकाला दाखवायच्या लायकीची राहत नाही. मग कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी थर्मासमध्ये घालून त्यात लॉगरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, वीस मिनिटं ठेवा. आकडा शून्याच्या आसपास, लॉगरच्या दिलेल्या अचूकतेत बसायला हवा. आपण माल शून्याजवळच साठवतो, तेव्हा याच बिंदूवरची खात्री कामाची.

रीफर (गार ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये जाणारे एकदाच वापरायचे लॉगर सीलबंद असतात, ते उघडू नका, पाकिटावरची मुदत तेवढी बघा. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर युरोपकडे जाणारी बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास लांबला. म्हणून लॉगरची चालण्याची मुदत ठरवताना वेळापत्रकातल्या दिवसांपेक्षा दोन-तीन आठवडे जास्तीचे धरा.

उतरवलेल्या प्रत्येक सेलच्या टोकांवर लगेच चिकटपट्टी लावा. फुगलेला किंवा झोंबरा वास येणारा सेल हातमोजे घालून उचला आणि खिडक्या उघडा. हे सेल चार्ज करायचे नाहीत, तोडायचे नाहीत, कचऱ्यासोबत जाळायचे नाहीत. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ते अधिकृत संकलकाकडेच द्यायचे असतात. पॅकहाऊसवर काम करणाऱ्या बायांची लहान मुलं आसपास खेळत असतात, म्हणून बटन सेलचा डबा कुलपातच हवा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजल्यासारखी गंभीर जखम करू शकतो. असा नुसता संशय आला तरी मुलाला थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

शेवटी लॉगरच्या पाठीवर सेल बदलल्याची तारीख लिहा, तीच रजिस्टरमध्ये सीरियल नंबरसमोर चढवा, आणि प्रत्येक प्रकारचे दोन जास्तीचे सेल त्याच कपाटात ठेवून किल्ली रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे द्या.