टेलिफोन मोडेमचं कोडिंग शिकायचंय? आधी व्ही.३२ हाताने सोडवा

डिजिटल कम्युनिकेशनमध्ये नव्याने येणारी मुलं लॅटिस कोड (जाळीसारख्या नियमित मांडणीतल्या बिंदूंवर बांधलेला, संदेशातल्या चुका टाळणारा कोड) म्हटलं की थेट चोवीस मितींच्या लीच लॅटिसच्या मागे लागतात. माझं स्पष्ट मत आहे, आधी १९८४ च्या व्ही.३२ मानकाचा टेलिफोन मोडेम समजून घ्या. एम.ई.च्या प्रबंधासाठी मी याच वाटेने गेले आणि आज नव्या सहकाऱ्यांनाही हीच वाट सांगते.

साध्या टेलिफोन लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा मिळतो. व्ही.३२ सेकंदाला २४०० सिम्बॉल, म्हणजे एकेका वेळचे संकेत, पाठवतो. सेकंदाला ९६०० बिट हवे असतील तर दर सिम्बॉलला ४ बिट, म्हणजे निवडायला १६ वेगवेगळे संकेत, आलेखावर १६ बिंदू पुरेत. मग याने ३२ का घेतले? या प्रश्नापाशी हवा तितका वेळ रेंगाळा, सगळी मेख इथेच आहे.

आलेखाच्या कागदावर दोन्ही अक्षांवर ±१, ±३ घेऊन १६ बिंदू मांडा. सरासरी ऊर्जा (मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गांची सरासरी) १०, शेजारच्या बिंदूंमधल्या अंतराचा वर्ग ४. ±५ पर्यंत जाऊन ३६ बिंदूंच्या चौकोनाचे चार कोपरे उडवले की ३२ चा क्रॉस तयार. त्याची सरासरी ऊर्जा २०, म्हणजे ३ डीबीचा (डेसिबलचा) भुर्दंड. (व्ही.३२ च्या अधिकृत शिफारशीत हीच आकृती ४५ अंश फिरवलेली दिसेल, गणित तेच.) आता बिंदू आलटूनपालटून दोन गटांत वाटा, प्रत्येक गटाचे पुन्हा दोन करा. दर वाटणीला अंतराचा वर्ग दुप्पट होतो: ४, ८, १६, ३२. १६ ऐवजी ३२ बिंदू घेतल्याने दर सिम्बॉलला एक जादा बिट मिळतो; तो वापरून कोणत्या गटामागून कोणता गट यावा हे ट्रेलिसने (कोडच्या एका अवस्थेतून दुसरीत जाणाऱ्या परवानगीच्या मार्गांच्या जाळ्याने) बांधून टाकायचं, ही गॉटफ्रीड उंगरबॅक यांनी १९८२ मध्ये मांडलेली कल्पना. आठ अवस्थांच्या ट्रेलिसमध्ये चुकीच्या मार्गाच्या अंतराचा वर्ग किमान २० राहतो. भागिले ऊर्जा २०, उत्तर १. कोडिंगशिवाय ४ भागिले १०, उत्तर ०.४. अडीच पट, म्हणजे सुमारे ४ डीबी, भुर्दंड वजा जाऊन! हे स्वतःच्या हाताने निघालं की जो आनंद होतो तो कुठल्याही सूत्राच्या पाठांतरात नाही.

सिम्युलेशन करताना तुलना कोडिंग नसलेल्या १६ बिंदूंशीच करा. ३२ शी केलीत तर ७ डीबीचा आकडा येईल आणि परीक्षक तो पहिल्याच प्रश्नात पाडतील.

यानंतर लॅटिस. लागोपाठचे दोन सिम्बॉल मिळून चार मिती होतात. त्यांतले ज्यांच्या निर्देशांकांची बेरीज सम, तेवढेच पूर्णांक बिंदू ठेवा. हा डी४. यातून १.५ डीबी मिळतात. चार मितींत जादा बिट दोन सिम्बॉलमध्ये वाटला जातो, म्हणून बिंदू वाढवण्याचा खर्चही निम्म्यावर येतो. १९९४ च्या व्ही.३४ या मोडेम मानकाने चार मितींचे कोड घेतले ते यासाठी. त्यातलं शेल मॅपिंग मात्र शेवटी वाचा. ते कोडिंगपेक्षा वेगळं काम करतं: कमी ऊर्जेचे बिंदू जास्त वेळा वापरून आकाराचा फायदा काढतं, आणि त्याची कमाल मर्यादा १.५३ डीबी आहे.

नोकरीच्या दृष्टीने हे जुनं वाटेल. पण टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या एडीएसएलमध्ये संशोधक वेई यांचा चार मितींचा ट्रेलिस कोड आहे, आणि तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिट इथरनेटमध्ये आठ अवस्थांचा चार मितींचा. फिजिकल लेयरच्या (तारेवर प्रत्यक्ष संकेत पाठवणाऱ्या थराच्या) कामात ही मानकं समोर येतात, तेव्हा डी४ ची वाटणी हाताखालून गेलेला माणूस त्यांचे तक्ते सरळ वाचू शकतो.