आर्काइव्ह नोड बसवताय? आधी या चुका टाळा

लातूरच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या सीएला क्लायंटच्या वॉलेटमध्ये ३१ मार्चला किती इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं चलन) होतं, एवढंच हवं असतं. ऑफिसातल्या गेथ नोडला, म्हणजे गेथ हे सॉफ्टवेअर चालवून इथेरियमच्या चेनची प्रत ठेवणाऱ्या मशीनला, विचारलं की 'मिसिंग ट्राय नोड' असा एरर येतो. मग नोड बिघडला असं समजून सगळा डेटा पुसतात, पुन्हा सिंक लावतात, म्हणजे चेन नव्याने उतरवतात, आणि शेवटी तोच एरर बघत बसतात. नोड ठणठणीत असतो, त्या दिवसाचं स्टेट, म्हणजे खात्यांची तेव्हाची स्थिती, मात्र त्याने ठेवलेलंच नसतं. ते ठेवतो तो आर्काइव्ह नोड.

फुल आणि आर्काइव्ह यांत गल्लत

इथेरियमचा फुल नोड सहसा सुरुवातीपासूनचे ब्लॉक, व्यवहार आणि पावत्या (प्रत्येक व्यवहाराचा निकाल आणि त्याचे लॉग) ठेवतो. एखाद्या टोकनच्या सगळ्या ट्रान्सफर हव्या असतील तर त्या लॉगमध्ये मिळतात, त्यासाठी आर्काइव्ह लागत नाही. फुल नोड टाकून देतो ते जुनं स्टेट, म्हणजे अमुक ब्लॉकला अमुक खात्यात किती शिल्लक होती, कॉन्ट्रॅक्टच्या स्टोरेजमध्ये काय होतं. गेथ डीफॉल्टला शेवटच्या १२८ ब्लॉकांचं स्टेट हाताशी ठेवतो. दर ब्लॉकला १२ सेकंदांच्या हिशोबाने हे जेमतेम २५ मिनिटं होतात. जुन्या ब्लॉकवरची शिल्लक, कॉन्ट्रॅक्ट कॉल, स्टोरेज किंवा ट्रेस (व्यवहार आतून कसा चालला त्याची नोंद) हवा असेल तरच आर्काइव्हच्या वाटेला जा. तेही वर्षातून पाच-दहा वेळा लागणार असेल तर आर्काइव्ह डेटा इंटरनेटवरून देणाऱ्या एखाद्या आरपीसी सेवेला विचारा. त्यासाठी घरात मशीन बसवण्यात अर्थ नाही.

३१ मार्चचा ब्लॉक काढतानाही घोळ होतो. ब्लॉकवरची वेळ यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असते आणि आपला १ एप्रिल यूटीसीच्या ३१ मार्चला संध्याकाळी साडेसहालाच लागतो. ३१ मार्च २०२५ ची शिल्लक हवी असेल तर ज्याचा टाइमस्टॅम्प (१९७० पासून मोजलेले सेकंद) १७४३४४५८०० पेक्षा कमी आहे असा शेवटचा ब्लॉक घ्या. यूटीसीची मध्यरात्र धरली तर १ एप्रिलचे पहिले साडेपाच तास जुन्या वर्षात घुसतात. १२ ने भागून ब्लॉक नंबर काढू नका, कारण मधले काही स्लॉट (ब्लॉकसाठीचे १२ सेकंदांचे टप्पे) रिकामे जातात. टाइमस्टॅम्पवर बायनरी सर्च (दर वेळी निम्मे ब्लॉक वगळत शोध) लावा, पंचवीसेक कॉलमध्ये ब्लॉक सापडतो.

फुल नोडवर जुना व्यवहार हॅशने (त्याच्या ओळख क्रमांकाने) शोधला आणि 'नल', म्हणजे काहीच नाही, असं आलं, तर आधी इंडेक्स तपासा. गेथ डीफॉल्टला शेवटच्या २३,५०,००० ब्लॉकांतल्याच व्यवहारांचा इंडेक्स ठेवतो, म्हणजे साधारण एका वर्षाचा. हिस्टरी-ट्रान्झॅक्शन्स ही सेटिंग शून्य केली की पूर्ण इंडेक्स तयार होतो. दुसरं कारण असं की जुलै २०२५ पासून मुख्य क्लायंटमध्ये (गेथसारख्या नोड सॉफ्टवेअरमध्ये) मर्जपूर्वीचा (इथेरियम मायनिंग सोडून स्टेकिंगवर गेलं त्याआधीचा), म्हणजे १५ सप्टेंबर २०२२ आधीचा, इतिहास गाळून टाकायची सोय आहे. कुणाची तयार कॉन्फिग फाइल उचलली असेल तर ती सेटिंग आत आहे का ते बघा.

चालू नोडला मध्येच आर्काइव्ह करणं

स्नॅप सिंकने (ताजं स्टेट थेट उतरवून) उभा केलेला गेथ बंद करून आर्काइव्ह मोडमध्ये सुरू केला, तर तिथून पुढचं स्टेट साठत जातं. मागचं आपोआप येत नाही. त्यासाठी पहिल्या ब्लॉकपासून एकेक व्यवहार पुन्हा चालवावा लागतो. गेथच्या स्टेट साठवण्याच्या जुन्या हॅश पद्धतीत आर्काइव्हला १२ टीबीच्या वर जागा लागते. एरिगॉन किंवा रेथ हे दुसरे क्लायंट हेच काम दोन-तीन टीबीच्या आसपास उरकतात, म्हणून नव्याने बसवणाऱ्याने तिकडेच वळावं. एरिगॉन ३ चा डीफॉल्ट मात्र फुल आहे. प्रून-मोड आर्काइव्ह ही सेटिंग पहिल्यांदा सुरू करतानाच द्या, नंतर सुचून उपयोग नाही.

सिंक झाल्यावर खात्री करायची सोपी युक्ती आहे. इथेरियमवरचा पहिला व्यवहार ४६१४७ क्रमांकाच्या ब्लॉकात आहे. तो पाठवणाऱ्याची शिल्लक ४६१४६ आणि ४६१४७ या दोन्ही ब्लॉकांवर विचारा. दोन वेगळे आकडे आले की जुनं स्टेट हजर आहे.

डिस्क

खोक्यावरचे ४ टीबी लिनक्समध्ये ३.६४ टिबिबाइट दिसतात. त्यातले पाच टक्के एक्स्ट-४ ही फाइलसिस्टिम रूटसाठी (अ‍ॅडमिन खात्यासाठी) राखून ठेवते, म्हणजे आणखी पावणेदोनशे जीबीच्या वर गेले. डिस्क फक्त डेटासाठी असेल तर ट्यून-टू-एफएस या कमांडने हा राखीव भाग शून्यावर आणा. स्वस्तातली, डीरॅम नसलेली क्यूएलसी प्रकारची एनव्हीएमई एसएसडी घेऊ नका. तिचा कॅशे भरेपर्यंत ती जोरात पळते आणि मग सिंक रांगायला लागतो. फिरत्या हार्डडिस्कवर इथेरियम चालवण्याचा विचारच सोडा.

बिटकॉइनचं तसं नाही. बिटकॉइन कोअरमध्ये ब्लॉकफाइल्स हार्डडिस्कवर आणि चेनस्टेट (न खर्चलेल्या नाण्यांची यादी) एसएसडीवर अशी विभागणी चालते, त्यासाठी ब्लॉक्सडिर सेटिंग आहे. कुठलाही व्यवहार आयडीने शोधायचा तर टीएक्सइंडेक्स=१ लागतं, आणि ते प्रूनसोबत (जुने ब्लॉक पुसण्यासोबत) चालत नाही. एकदा प्रून केलेला नोड पूर्ण करायचा म्हणजे सगळी चेन पुन्हा उतरवणं आलं. अशा वेळी इंटरनेटच्या प्लॅनची मर्यादा आठवा. घरगुती फायबरच्या अनेक 'अनलिमिटेड' प्लॅनना महिन्याला ३.३ टीबीची एफयूपी असते.

लाइट आणि ऊन

आपल्याकडे नोड मरतो तो बहुतेक इथे. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाइट जाताना बदलायला जो क्षण लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाका किंवा नोडला स्वतंत्र यूपीएस द्या, आणि बॅटरी संपण्याआधी मशीन आपोआप बंद होईल असं नट या प्रोग्रॅममध्ये बसवा.

एवढं करूनही नोड प्रोग्रॅमच्या स्वतःच्या लॉगमध्ये 'अनक्लीन शटडाउन' दिसत असेल तर दोष डॉकरचा (नोड कंटेनरमध्ये चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) असू शकतो. डॉकर स्टॉप १० सेकंद थांबतो आणि प्रोसेस मारून टाकतो. लिनक्समधल्या सेवा चालवणारं सिस्टिमडी ९० सेकंद थांबतं. नोडला मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवायला याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून दोन्हीकडे ही मुदत ५ मिनिटं करा. डेटाबेस खराब झाला म्हणून रीसिंक लावण्याआधी डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या स्वतःच्या नोंदींत) आय/ओ एरर आहेत का तेही बघा. डिस्कच मरायला टेकली असेल तर रीसिंक फुकट जाईल.

एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना बंद खोलीतली एनव्हीएमई तापून स्वतःचा वेग उतरवते. हीटसिंक लावा आणि भर दुपारी स्मार्टसीटीएल या कमांडने तापमान वाचा, पहाटेचा आकडा बघून समाधान मानू नका.

स्वतःच्या डेटाबेसात उतरवताना

वेई, म्हणजे इथरचं सर्वात लहान एकक, यातली रक्कम ६४-बिट पूर्णांकात भरू नका, ९.२२ इथरलाच तो ओसंडतो. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये न्यूमेरिक ७८,० (७८ अंकी पूर्णांक) हा प्रकार घ्या. ब्लॉक नंबरसोबत ब्लॉकहॅशही साठवा आणि ब्लॉक 'फायनलाइज्ड' (कायमचा पक्का) होईपर्यंत, म्हणजे साधारण १३ मिनिटं, नोंद कच्ची धरा. ऑक्टोबर २०१७ च्या बायझँटियम अपग्रेडआधीच्या, म्हणजे ब्लॉक ४३,७०,००० पूर्वीच्या पावत्यांत 'स्टेटस' हे फील्डच नाही. तिथला रिकामा रकाना 'फेल' समजून भरला की जुने सगळे व्यवहार फसलेले दिसतात. आणि कॉन्ट्रॅक्टने आतल्या आत पाठवलेलं इथर लॉगमध्ये येत नाही, शिल्लक जुळत नसेल तर ट्रेस काढा.

ब्लॉबही (लेयर-२ चेन इथेरियमवर तात्पुरता ठेवतात तो डेटा) आर्काइव्ह नोडमध्ये असतील अशी समजूत असते. मार्च २०२४ पासून आलेले ब्लॉब कन्सेन्सस क्लायंटकडे (गेथसोबत चालवाव्या लागणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे) असतात आणि ४०९६ इपॉकनंतर (एक इपॉक म्हणजे ३२ स्लॉट), म्हणजे साधारण १८ दिवसांनी, पुसले जातात. हवे असतील तर पहिल्या दिवसापासून वेगळे उतरवून ठेवा.