घरबसल्या सावजी रस्सा आणि सांबारवडीचे डबे वाटताय? या चुका टाळा

रविवारी बाहेर कुठे न जाता प्रत्येकाने घरी एकेक दमदार पदार्थ करायचा आणि डबे एकमेकांकडे पाठवायचे, ही फार चांगली पद्धत आहे. एका घरून नागपूरचा सावजी रस्सा, दुसरीकडून सांबारवडी (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर), तिसरीकडून वडाभात. असे ताट हॉटेलात मिळत नाही. पण चुका मात्र त्याच त्या होतात, कारण बहुतेकांचे लक्ष गॅस बंद होईपर्यंतच असते. डबा दुसऱ्या घरी तासा-दोन तासांनी उघडणार, कधी दुसऱ्या दिवशी. पदार्थ चांगला लागायला हवा तो तेव्हा.

ओला सांबार

सांबारवडी फुटते, तेल उडते, डब्यात पाणी सुटते, आणि दोष जातो बेसनाला. खरा दोष असतो ओल्या सांबाराचा. सकाळी नागपूरच्या कॉटन मार्केटमधून जुड्या आणायच्या, नळाखाली धुवायच्या, झटकायच्या आणि लगेच चिरायच्या, याने वडी कधीच धड होणार नाही. पानांवरच्या पाण्याची तळताना वाफ होते आणि ती वडीच्या कडेतून वाट काढते.

सांबार आदल्या संध्याकाळी निवडून धुवावा आणि सुती धोतरावर पंख्याखाली रात्रभर पसरून ठेवावा. सकाळी पाने मुठीत धरली तर तळव्याला ओल लागता कामा नये. जाड देठ काढून टाका, कोवळे ठेवा. सुरी धारदार हवी. बोथट सुरीने पाने चेंगरतात आणि रस सुटतो. 4 वाट्या चिरलेल्या सांबाराला अर्धी वाटी भाजलेले सुके खोबरे, 2 चमचे तीळ, 2 चमचे खसखस, 1 चमचा चारोळी आणि 2 चमचे आले-लसूण-मिरचीचे वाटण पुरते. वाटण तेलात परतून घ्या, गॅस बंद करा, मग सांबार घाला. तो शिजवायचा नाही, फक्त गरम मसाल्यात कालवायचा.

मीठ सगळ्यात शेवटी, पारी लाटून तयार असताना. मीठ पाणी ओढून काढते. आधी मीठ घालून सारण अर्धा तास ठेवले तर रात्रभर वाळवण्याची सगळी मेहनत वाया. दोन-दोन वाट्यांना मीठ लावत गेलात तर आणखी बरे.

पारीला 1 वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, 2 चमचे कडकडीत मोहन, ओवा, हळद, तिखट. पीठ घट्ट हवे. लाटलेल्या पारीला आतून चिंचेचा घट्ट कोळ आणि काळा मसाला लावा, सारण ठेवा आणि पाकिटासारखी घडी घालून कडा पाण्याच्या बोटाने दाबा. आच मध्यम. मोठ्या आचेवर वडी मिनिटभरात लाल दिसते, पण आतला पदर कच्चाच राहतो. घाई करणाऱ्यांना इथे माफी नाही.

आता डब्याचे. गरम वडी डब्यात घालून झाकण लावले की दहा मिनिटांत ती ओली. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. त्याहून चांगली सवय म्हणजे वडी फिकट तळून पाठवणे आणि ज्या घरी जाईल तिथल्या वहिनींना सांगणे की खाण्याआधी गरम तेलातून 2 मिनिटे काढा. कढी वेगळ्या डब्यात.

सावजी म्हणजे नुसते तिखट नव्हे

हलबा कोष्टी, म्हणजे नागपूरच्या विणकर समाजाच्या या रश्शाला लोक तिखटजाळ म्हणून ओळखतात, आणि नवशिके लगेच मूठभर तिखट ओततात. रस्सा लाल होतो, जीभ बधिर होते, मसाला कुठेच लागत नाही. सावजीचा जोर मिरचीत असतो तितकाच काळ्या मिऱ्यात, लवंगेत आणि दगडफुलात. 1 किलो मटणाला 3 मोठे चमचे तिखट खूप झाले. भिवापुरी मिरची मिळाली तर तेवढ्यात रंगही येतो.

दुसरी खोड म्हणजे सगळे मसाले एकदम कढईत टाकणे. धणे भाजेपर्यंत दगडफूल जळते, आणि जळलेले दगडफूल कडू असते. तो कडूपणा नंतर कशानेही जात नाही. धणे, मिरे-लवंग-दालचिनी-मसाला वेलची, मग शहाजिरे, आणि शेवटी मंद आचेवर थेंबभर तेलात दगडफूल, प्रत्येक वेगळे भाजायचे. इतवारी बाजारातून आणलेले दगडफूल आधी चाळून घ्या, त्यात माती आणि सालीचे तुकडे असतात. खसखस कोरडी वाटली जात नाही. हलकी भाजून 20 मिनिटे कोमट पाण्यात भिजवा आणि भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याबरोबर वाटा. दाटपणासाठी 2 चमचे भाजलेले ज्वारीचे पीठ गार पाण्यात कालवून घाला. उकळत्या रश्शात कोरडे टाकले की गाठी ठरलेल्या.

तिखट जास्त झालेच, तर साखर किंवा मलई घालून तो रस्सा बिघडवू नका. कांदा-खोबऱ्याचे आणखी वाटण वेगळे परतून गरम पाण्यासह घाला, पंधरा मिनिटे उकळा.

डबा दुसऱ्या दिवशी उघडणार असेल तर मटण हाडापासून सुटायच्या जरा आधी गॅस बंद करा, कारण ते पुन्हा गरम होताना शिजणार आहे. मीठ किंचित कमी आणि रस्सा नेहमीपेक्षा पातळ ठेवा. ज्वारीचे पीठ रात्रीतून घट्ट होते आणि उकळताना पाणी आटते.

गंजभर रस्सा ओट्यावर

ही चूक चवीपुरती राहत नाही, माणसे आजारी पडतात. मे महिन्यात, पारा 44-45 वर असताना, कुणीतरी बारा घरांसाठी शनिवारी रात्री आठ-दहा लिटर रस्सा करते. फ्रीजमध्ये गंज, म्हणजे ते मोठे पातेले, मावत नाही. झाकण ठेवून तो ओट्यावर राहतो. सकाळी वर बारीक फेस असतो, आंबूस वास असतो. मग ‘एक उकळी आणली की झाले’ म्हणत डबे भरले जातात, आणि संध्याकाळी चार घरांतून पोट बिघडल्याचे फोन येतात.

कारण साधे आहे. मोठ्या गंजात मधला रस्सा रात्रभर कोमट राहतो, आणि मटणाच्या रश्शात जंतू वाढायला कोमटपणाच हवा असतो. उकळीने जंतू मरतात, पण काहींनी सोडलेले विष उकळूनही जात नाही. म्हणून वास घेऊन ठरवू नका आणि बिघडलेला रस्सा उकळून वाचवू नका. फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी.

गॅस बंद केल्यावर रस्सा लगेच तीन-चार पसरट पातेल्यांत काढा, थर दोन-तीन बोटांचा. पातेली परातीत गार पाण्यात ठेवा, जमल्यास बर्फ टाका, अधूनमधून ढवळा. कूलरसमोर ठेवले तर आणखी लवकर निवते. दोन तासांच्या आत तो फ्रीजमध्ये गेलाच पाहिजे. कडक उन्हाळ्यात एक तास धरा. जागा नसेल तर कमी करा. बारा घरांना एकाच वेळी वाटायचा हट्ट कशाला? घरी पोचल्यावर मात्र रस्सा नुसता कोमट न करता चांगला खळखळ उकळायला सांगा.

बाकीचे थोडक्यात

पाटवडी रश्शात घालून पाठवू नका, पोचेपर्यंत फुगून फुटते. वड्या कोरड्या, रस्सा वेगळा. तर्रीपोह्यांची तर्री, म्हणजे पोह्यांवर ओतायचा तिखट रस्सा, तीही तशीच वेगळी.

गोळाभाताला बारीक बेसन नको, गोळे दगडासारखे होतात. हरभऱ्याच्या डाळीचा भरडाच घ्या, आणि हिंग-मोहरीची फोडणी छोट्या डब्यात द्या.

पहिल्याच रविवारी लंबी रोटी, म्हणजे उलट्या माठावर भाजायची मोठी पातळ रोटी, वाटायला घेऊ नका. पीठ कापडातून चाळलेले लागते, कारण कोंड्याचा कण असला की रोटी तिथेच फाटते. सैल पीठ अर्धा तास आपटून-मळून तार येईपर्यंत घ्यावे लागते, आणि उलटा माठ मंद आचेवर हळूहळू तापवावा लागतो. एकदम मोठी आच लावली तर नवा माठ तडकतो. आधी घरच्यांसाठी दोन-चार वेळा करा. रोटी माठावरून काढली की गरम असतानाच घडी घालून कापडात ठेवा, गार झाल्यावर ती कागदासारखी मोडते.

रश्शाला प्लास्टिकचा डबा देऊ नका, तेलाचा रंग आणि वास निघत नाही. कढीला कल्हई नसलेले पितळ चालत नाही.

झाकणावर चिठ्ठी चिकटवा: शेंगदाणे, तीळ, चारोळी यांतले काय आहे, कधी केले, कसे गरम करायचे. श्रावणात कांदा-लसूण चालतो का, हे आदल्या दिवशीच विचारा. शाकाहारी घरी जाणाऱ्या वड्या मटण परतलेल्या कढईतल्या तेलात तळू नका, कुणाला कळणार नसले तरीही.