आजोबांच्या तबकड्या जगासाठी कशा खुल्या कराव्यात

मिरजेच्या घराला रंग द्यायला काढला तेव्हा माळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. आत ग्रामोफोनच्या ४१ तबकड्या निघाल्या, बहुतेक नाट्यपदांच्या. मी बँकेत नोकरी करते, पन्नाशी ओलांडली आहे आणि नाट्यसंगीताचं वेड शाळेपासूनचं आहे. त्या रात्री मी जेवायचंही विसरले. गेल्या चार वर्षांत त्यातल्या २४ तबकड्या संगणकावर उतरवल्या. तुमच्याही माळ्यावर अशी ट्रंक असेल तर हे वाचा.

सर्वांत आधी, मोह आवरा. घरात चावीचा फोनो असला तरी त्यावर लावू नका. त्याची पोलादी सुई खाचा खरवडते. ती एका बाजूपुरतीच वापरायची असते, आणि आपल्याकडच्या सुया तर पन्नास वर्षं डबीत गंजलेल्या.

मग धुणं. या तबकड्या लाखेच्या. सुताराचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, हे मला माहीत होतं, पण वेळेवर आठवलं नाही. पहिल्याच तबकडीला मी स्पिरिटचा बोळा फिरवला. कापसावर काळं उतरलं आणि दोन बोटं रुंदीचा पट्टा निस्तेज झाला. आजही त्या जागी आलाप खरखरीत बुडतो. तेव्हा स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे, काही नको. बॅटरीवाल्याकडे मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या, वाटीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एकच थेंब टाका आणि जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने खाचांच्या दिशेने, गोल गोल पुसा. आडवं घासायचं नाही. लेबलावर स्टीलची वाटी पालथी धरली की ते भिजत नाही. नंतर नुसत्या पाण्याच्या फडक्याने एकदा पुसून ताटाळ्यात उभी ठेवा, सावलीत. ठेवायच्याही उभ्याच, एकावर एक रचल्या की खालची तडकते.

धुण्याआधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचा फोटो काढा. लेबलाच्या कडेला लाखेत उमटलेला आकडा असतो, तो तिरप्या उजेडात दिसतो. त्याचाही फोटो हवाच. तबकडीवर साल क्वचित छापलेलं असतं, ते या आकड्यांवरूनच शोधावं लागतं, आणि पुढचं सगळं सालावर अवलंबून आहे. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी अशा याद्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग असलेला टर्नटेबल घ्या आणि त्याला ७८ ची वेगळी सुई लावा. तिचं टोक ३ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), लाँगप्लेच्या सुईच्या तीन-चार पट जाड. बारीक सुई खाचेच्या तळाला जाऊन धूळच वाजवते. संगणकावर आवाज मुद्रित करायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे, ते फुकट आहे आणि खुलं आहे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झवर घ्या, आवाजाचा काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. रेकॉर्डिंग स्टिरिओत करा. खाचेच्या दोन भिंतींपैकी एक जास्त झिजलेली असते, म्हणून स्टिरिओची डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी ऐका. एक स्पष्ट असेल तर तीच ठेवा, दोन्ही सारख्या असतील तर मिसळून मोनो करा. खरखर तिथेच बरीच कमी होते. मूळ फाइल फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलीचा प्रकार) तशीच जपून ठेवा आणि जे काय करायचं ते प्रतीवर करा. खरखर काढणाऱ्या फिल्टरला हात आखडताच हवा. जास्त चालवला की तानेचं शेवटचं टोक आणि पदाआधी घेतलेला श्वास खाऊन टाकतो. खरखर राहिली तरी चालेल, पण तो श्वास गेला तर माझा जीव तुटतो.

आता वेग. याच्यात माझे सगळ्यात जास्त रविवार गेले. ‘७८’ हा आकडा सगळ्या तबकड्या पाळत नाहीत, विशेषतः जुन्या. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने फिरवली की आवाज जवळजवळ अर्धा स्वर चढतो. बालगंधर्वांच्या आवाजाचं अर्ध्या स्वरात काय होतं ते एकदा करून बघा. गाणं घाईचं वाटतं, स्वर नाकात जातो आणि आपण ‘जुनं रेकॉर्डिंग, असंच असणार’ म्हणून सोडून देतो. नाट्यपदांना ऑर्गनची साथ असते, तीच आपली मोजपट्टी. मी शेजारी पेटी घेऊन बसते, ऑर्गनचा षड्‌ज कोणत्या पट्टीवर येतो ते शोधते आणि मग वेग किंचित कमी-जास्त करते. ऑडॅसिटीत वेग आणि सूर एकदम बदलणारा पर्याय निवडा, फक्त सूर बदलणारा नको. कधी दोन पट्ट्या बसू शकतात, तेव्हा शब्दांचे उच्चार ऐका. ‘आ’कार मोकळा लागला की ती पट्टी बरोबर. जो वेग धरलात तो माहितीत लिहून ठेवा, उद्या कुणाला दुरुस्त करायचा असेल तर.

यानंतर कायदा. हा भाग टाळून जे सरळ इंटरनेटवर चढवून टाकतात त्यांचा मला राग येतो, कारण त्यामुळे जे खरंच खुलं आहे त्यावरही संशय येतो. भारतात ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क (कॉपीराइट) राहतो, मग ते सगळ्यांसाठी खुलं होतं. पदाचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘मानापमान’ १९११ चं. पदं काकासाहेब खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले, म्हणजे २००९ पासून शब्द खुले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली गेले, त्या २०१६ पासून खुल्या. ‘स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते तर १९२२ सालीच गेले. एकेका तबकडीचा असा तीन कलमी हिशेब वहीत मांडा.

इंटरनेट अर्काइव्ह हे इंटरनेटवरचं फुकट ग्रंथालय अमेरिकेत आहे, तिथला हिशेब निराळा. १९२३ च्या आधी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं तिथे १ जानेवारी २०२२ ला खुली झाली, १९२३ ते १९४६ ची शंभर वर्षांनी होतात. म्हणून शंभरी ओलांडलेल्या तबकड्या मी तिथे ठेवते. तिथे फाइलीचा टॉरंटही (लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून फाइल घ्यायची सोय) आपोआप तयार होतो. नंतरच्या, पण भारतात खुल्या झालेल्या, माझ्या स्वतःच्या साध्या साइटवर ठेवते. तिचा सर्व्हर भारतात आहे. नाव देवनागरीत आणि रोमनमध्येही द्या, लेबलाचे फोटो जोडा.

१९२२ च्या आधीची एक तबकडी मी एका मोठ्या व्हिडिओ साइटवर टाकली तर दोन दिवसांत एका कंपनीचा मालकीहक्काचा दावा आला. ते मुद्रण कधीतरी त्यांच्या सीडीत आलं होतं, यंत्राने जुळवलं आणि दावा ठोकला. अशा वेळी घाबरून काढून टाकू नका. मी हरकत नोंदवली. प्रसिद्धीचं साल, तबकडीचा क्रमांक, रचनाकारांच्या मृत्यूची सालं, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची मुदत, आणि सोबत लेबलाचा फोटो. महिन्याभराने दावा मागे घेतला गेला. जे सगळ्यांचं झालं आहे त्याला कुणी कुंपण घालू लागलं तर ते काढणं हे रसिकाचंच काम आहे, दुसरं कोण करणार?

एकाच जागेवर मात्र विसंबू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने, दोन हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी, २,६०० हून अधिक साइट भारतात बंद करायला सांगितल्या गेल्या. त्या यादीत इंटरनेट अर्काइव्हही होतं. पुढे ते उघडलं, पण त्या दिवसांत इथल्या कुणाला तिथलं पद ऐकायचं असेल तर? माझ्या फाइली आता तीन ठिकाणी आहेत. घरच्या हार्ड डिस्कवर, पुण्याला भावाकडे आणि साइटवर. ज्याला हवं त्याला पेन ड्राइव्हवर भरून देते, आणि पुढे आणखी कुणाला तरी द्या असं सांगते.

ट्रंकेत अजून १७ आहेत. उतरवलेल्यांपैकी तीन तबकड्यांच्या चाली मास्टर कृष्णरावांच्या. ते १९७४ साली गेले, त्यामुळे मुद्रण खुलं असलं तरी चाल नाही. त्या धुतल्या आहेत, उतरवल्या आहेत, वेगही लावून झाला आहे. संगणकावर त्यांचं वेगळं फोल्डर आहे, नाव ‘१ जानेवारी २०३५’.