एप्रिल-मेचं आभाळ रोज दोन ओळींत कसं लिहावं (गोव्यात राहणाऱ्यांसाठी)

गोव्यात उन्हाळा म्हटलं की बोलणं सगळं उकाड्याचंच, घाम, पंखा, परत लाईट गेली, आणि आभाळाकडे लोक वर बघतात ते मिरग (मृग नक्षत्र, पावसाची सुरुवात) जवळ आल्यावरच. पण बघण्यासारखं जे काय आहे ते त्याच्या आधी घडतं. चैत्रात कोरं असलेलं आभाळ मे संपेपर्यंत कसं भरत जातं हे रोज थोडं थोडं बघून लिहिलं तर दीड-दोन महिन्यांत वहीत एक अख्खी गोष्ट उतरते आणि ती कुठल्याही वेदर ॲपमधे मिळत नाही. ही वही कशी ठेवायची ते सांगते. कवी असायची अट नाही, रोज वर बघायची मात्र आहे.

आधी एक तुकडा ठरवा

अख्खं आभाळ बघायला जाऊ नका, हाताला काहीच लागत नाही. गॅलरीतून, गच्चीवरून, बल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओसरीत) बसून जो तुकडा दिसतो तो धरा आणि त्यात एक न हलणारी खूण असू दे, माड, देवळाचा कळस, समोरच्या बिल्डिंगची टाकी, काहीही. खूण असली की ढग सरकतोय की जागेवरच वाढतोय हे कळतं आणि या दोन गोष्टींत खूप फरक आहे.

जमलं तर पूर्वेची बाजू दिसेल अशी जागा निवडा. आपल्याकडे सगळे सूर्यास्त बघायला पश्चिमेला तोंड करून उभे असतात, पण एप्रिल-मेमधे घडामोडी घाटाच्या बाजूला असतात, मिरामारला समुद्रावर आभाळ स्वच्छ असतं आणि त्याच वेळी पाठीमागे वाळपई, मोले, सांगेच्या बाजूला ढग उभे राहत असतात. कारण साधं आहे, दिवसभर जमीन तापते, समुद्रावरची दमट हवा आत ओढली जाते आणि सह्याद्रीला धडकून वर चढते. फोंडा-साखळी-सत्तरीवाल्यांना हे घरबसल्या दिसतं, त्यांनी तरी ही वही ठेवायलाच पाहिजे.

वेळ ठरलेली हवी

तीन वेळा, दोन-दोन मिनिटं पुरे. पहाटे तांबडं फुटताना म्हणजे सहाच्या आसपास, दुपारी चारला आणि सूर्य बुडाल्यावर सातच्या सुमाराला. ऑफिसमुळे एकच वेळ जमत असेल तर चारची ठेवा, ऑफिसच्या खिडकीतून पण चालेल. संध्याकाळच्या रंगांवर सगळेच लिहितात, चार वाजताच्या आभाळावर कोणी लिहीत नाही आणि वळीव येणार की नाही हे बहुतेक वेळा तेव्हाच कळायला लागतं.

हाताने मोजा

"मोठा ढग", "खूप वर" असं लिहून उद्या काही कळत नाही. हात समोर लांब करा, करंगळीची रुंदी म्हणजे साधारण १ अंश, बंद मूठ १० अंश, ताणलेली वीत २० अंशांच्या जरा वर. आता "पूर्वेला दोन मुठी उंचीचा ढग" असं लिहिता येतं आणि अर्ध्या तासाने तोच तीन मुठींचा झाला की छातीत धडधड होते, खरंच होते. चंद्राला खळं पडलं तर हीच वीत लावून बघा, चंद्रापासून कड्यापर्यंत जवळजवळ एक वीत भरते. ते कडं २२ अंशांचं असतं, खूप उंचावरच्या पातळ ढगातल्या बर्फाच्या कणांतून उजेड वळतो म्हणून. खाली आपण घामाने भिजलेलो आणि वर बर्फ, वहीत लिहायला अजून काय पाहिजे.

(सूर्याला हे करायचं असेल तर सूर्य झाडाच्या किंवा भिंतीच्या आड ठेवा, थेट बघू नका.)

वारा आणि घारी

नुसतं वर बघून पुरत नाही, वारा कुठून येतोय ते रोज लिहा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले ते इथे रोज हजेरी लावतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा असतो, मग मधे एक वेळ अशी येते की पान हलत नाही, नको नको होतं, आणि नंतर समुद्राकडून झुळूक सुरू होते. ती नेमकी किती वाजता सुरू झाली हे टिपायची सवय लावा. दोरीवरचा टॉवेल बघा, तो आधी एका बाजूला फुगलेला असतो, मग सरळ लटकतो, मग दुसऱ्या बाजूला फुगतो. एवढं बघितलं तरी त्या दिवसाची ओळ मिळते.

घारींकडेही लक्ष ठेवा. सकाळी त्या झाडांवर बसून असतात आणि ऊन तापून गरम हवा वर चढायला लागली की पंख न हलवता गोल गोल वर जातात, म्हणजे हवा वर चालली आहे हे तुम्हाला घार दाखवते. घारी किती वाजता चढल्या ते लिहा, मळभाच्या दिवशी आणि लख्ख उन्हाच्या दिवशी यातला फरक बघून तुम्हीच चकित व्हाल.

काहीतरी वाळत घाला

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गच्चीवर, अंगणात, गॅलरीच्या कठड्यावर, काहीतरी वाळत घाला. भिरंडांची (कोकमांची) सोलं, फणसाची साठं, आंब्याच्या फोडी, सांडगे, जे घरात होत असेल ते. ज्याचं काही उन्हात पडलेलं असतं तोच आभाळ नीट बघतो. आगरवाड्याच्या मिठागरात काम करणारी माणसं बघा, एक अवेळी सर आली तर तयार मीठ पाण्यात जातं, त्यामुळे पूर्वेकडचा काळा पट्टा त्यांना कोणी दाखवावा लागत नाही. आमच्या वाड्यावर शेजारची काकी भिंतीपलीकडून हाक मारते, "सोलां भितर घे गे, पावस येतलो" (सोलं आत घे गं, पाऊस येणार), आणि ती हे हातातली सुपली खाली न ठेवता, फक्त एकदा घाटाकडे बघून बोलते. अशी नजर फोटो काढून येत नाही.

सोलं तर रोज हाताळावी लागतात, मीठ लावलेली साल रसात बुडवायची आणि परत उन्हात पसरायची असं काही दिवस चालतं, त्यामुळे ऊन किती कडक होतं हे बोटांनाच कळतं. चांगलं ऊन लागलेल्या दिवशी साल कडेने आखडते, मळभ असलं की दिवसभर ठेवून पण चिकटच राहते. हे वहीत लिहा, हे आभाळाबद्दलच आहे.

आता लिहायचं कसं

पहिल्या ओळीत फक्त दिसलं ते लिहायचं, दिशा, वेळ, वारा, ढगाची उंची. दुसरी ओळ तुमची. उलटं करू नका, आधी भावना लिहिली की दिसलेलं राहूनच जातं. "आज आकाश खूप सुंदर होतं, मन प्रसन्न झालं" ही ओळ कुठल्याही गावात कुठल्याही दिवशी लिहिता येते म्हणून ती टाळा. त्याऐवजी असं काहीतरी:

"२८ एप्रिल, दुपारी ४. घाटावर तीन ढग, बुड सपाट, मधला दोन मुठी. वारा समुद्राकडून. सोलांवर अजून ऊन आहे.
पाऊस वर बसून खाली उतरायचं की नाही ते ठरवतोय."

विशेषणांपेक्षा क्रियापद शोधा. आपल्या भाषेत आभाळासाठी केवढी क्रियापदं आहेत, आभाळ भरून येतं, झाकोळतं, गळतं, फाटतं, निवळतं, उघडतं, वारा पडतो, फिरतो, सुटतो. नेमकं क्रियापद सापडलं की उपमा लागत नाही. आणि कापसाचे ढग तर कृपा करून नकोच.

ज्या दिवशी काहीच नसतं त्या दिवशीही लिहा. एप्रिलमधे असे खूप दिवस येतात, आभाळ धड निळं नाही, नुसतं पांढुरकं, कारण हवेत बाष्प आणि धूळ भरलेली असते. "काही नाही. पांढुरकं. वारा साडेअकराला आला." एवढं पुरे. पहिला वळीव पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जे धुतलेलं निळं दिसतं त्याची किंमत या कोऱ्या दिवसांमुळेच कळते.

दोन खास तारखा

मेच्या पहिल्या तीन-चार दिवसांत सूर्य गोव्याच्या बरोब्बर डोक्यावर येतो, काणकोणला आधी आणि पेडण्याला दोन-तीन दिवसांनी. बाराला नाही, साडेबाराच्या आसपास बाटली उन्हात उभी करून बघा, सावली बुडाखाली जाते. ऑगस्टमधे सूर्य परत डोक्यावर येतो पण तेव्हा ढगांमुळे बहुतेक काही दिसत नाही, त्यामुळे मे सोडू नका.

दुसरं रात्रीचं. मेच्या मध्याला साडेनऊच्या सुमाराला दक्षिणेला क्षितिजाजवळ त्रिशंकू हा चार ताऱ्यांचा समूह उभा दिसतो, क्षितिजापासून साधारण दीड मूठ वर. समोर झाडं-बिल्डिंगा नकोत, समुद्रकिनारा किंवा पठार बघा.

गडगडायला लागलं की

वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. ढगाचा माथा सपाट पसरायला लागला की तो पूर्ण वाढलेला समजा. पण आवाज ऐकू आला की घरात या, माडाखाली, गच्चीवर उभं राहून लिहायचं नाही. खिडकीतून बघा, पहिल्या थेंबांचा आवाज पत्र्यावर वेगळा आणि कौलांवर वेगळा, मातीचा वास थेंबांच्या आधी आला की नंतर, हे सगळं त्याच वेळी लिहून टाका, जेवण झाल्यावर आठवत नाही.

वही की मोबाईल, काहीही चालेल, पण फोटो काढायचा असेल तर लिहून झाल्यावर काढा. आणि प्रत्येक नोंदीला साल घालाच. एरवी मान्सून आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, २०२५ साली तो २४ मेला केरळात पोचला आणि पाठोपाठ गोव्यातही आला, म्हणजे त्या वर्षी मेचा शेवटचा आठवडा उन्हाळ्याचा राहिलाच नाही. शेवटच्या पानावर चार तारखा वेगळ्या काढून ठेवा, पहिला गडगडाट, पहिली सर, पहिला काजवा आणि सोलं शेवटची आत घेतली तो दिवस, पुढच्या एप्रिलमधे त्याच्या शेजारी नवा कॉलम आखायचा.