तुर्की मांती घरी करताना या चुका टाळा

मांती म्हणजे खिमा भरून पाण्यात उकळलेल्या मैद्याच्या चिमुकल्या पुड्या. तुर्कस्तानात मांती म्हटलं की आधी नाव निघतं ते मध्य अनातोलियातल्या कायसेरी शहराचं. एका चमच्यात 40 मांत्या मावल्या तर करणारीचा हात चांगला, असं तिथे म्हणतात. दर वेळी कुणी मोजत बसत नाही, पण पदार्थाचं सगळं गणित त्या 40 मध्ये आहे. दीड-दोन सेंटिमीटरचा मैद्याचा चौकोन, त्यात हरभऱ्याच्या दाण्याहून लहान खिमा, वर लसणाचं दही, त्यावर मिरचीचं तापलेलं लोणी, सुका पुदिना आणि सुमाक, म्हणजे एका झुडपाच्या आंबट फळांची लालसर पूड. घास घेतला की आधी दही आणि लोणी लागतं, मग पारीचा चावा, आणि खिमा सगळ्यात शेवटी, नावापुरता.

आपल्याकडे मांती बिघडते ती बहुतेकदा इथेच. मोदक, करंजी, मोमो करायला सरावलेला हात तिलाही सारणाचा पदार्थ समजतो. मग पारी मोठी होते, सारण ठासून भरलं जातं, मसाला सढळ पडतो, आणि भांड्यात अर्ध्या फुटल्या की मैद्याला दोष दिला जातो.

खिमा आधी शिजवून घेणं

सामोशाच्या सवयीने खिमा आलं-लसूण घालून परतला जातो. शिजलेला खिमा मोकळा होतो, त्याची एवढीशी गोळी बांधली जात नाही, आणि सुटलेले कण चौकोनाच्या कडेला लागले की तोंड बंद होत नाही. खिमा कच्चाच भरायचा. इतक्या लहान गोळ्या उकळत्या पाण्यात काही मिनिटांत शिजतात.

दुसरी चूक, खिमा नळाखाली धुणं. धुतलेल्या खिम्यात पाणी राहतं आणि ते पारीत उतरून तळ ओला करतं. मटण तुकड्यांतच धुऊन, कोरडं करून, मग दोनदा बारीक करून घ्यावं. खाटकाला तसं सांगितलं की तो करून देतो. तुर्कस्तानात गाई-बैलाचं किंवा मेंढीचं मांस वापरतात. आपल्याकडच्या बोकडाच्या मटणाचाही चांगला होतो, फक्त थोडी चरबी ठेवायला सांगा.

कांदा किसायचा आणि मुठीत घट्ट पिळायचा. मीठ, मिरपूड, हवी तर चिमूटभर लाल मिरची. बस. गरम मसाला घातला तर वरचं दही आणि पुदिना दोन्ही मुकाट होतात.

शाकाहारी घरांनी हिरमुसायचं कारण नाही. बटाट्याची आणि मसुरीची मांती तुर्कस्तानातही करतात. सारण मात्र खडखडीत हवं. अख्खा मसूर शिजवून, पाणी पूर्ण निथळून, परतलेल्या कांद्याबरोबर कढईत कोरडा होईपर्यंत घोटा.

कणीक सैल भिजवणं

तीन-चार जणांना 250 ग्रॅम मैदा, 1 अंडं, 1 लहान चमचा मीठ आणि 75 ते 90 मिली पाणी पुरतं. एवढ्याला 150 ग्रॅम खिमा. आकडा वाचून पुष्कळांना वाटतं की छापताना चूक झाली असावी, आणि ते खिमा दुप्पट घेतात. घेऊ नका.

पाणी एकदम ओतू नका. कणीक पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट हवी, सुरुवातीला तर ती गोळा व्हायलाच नकार देते. तरीही पाणी वाढवण्याऐवजी दहा मिनिटं मळत राहा, मग झाकून निदान अर्धा तास बाजूला ठेवा. लाटताना पोळी आकसून मागे येत असेल तर ती मुरलेली नाही. पुन्हा झाकून पंधरा मिनिटं थांबा. जोर लावून लाटलं की मध्ये पातळ आणि कडेला जाड होते, आणि उकळताना तो पातळ भागच दगा देतो.

नुसतं गव्हाचं पीठ वापरू नका. त्यातला कोंडा इतकी पातळ पारी फाडतो. अंडं नको असेल तर त्याऐवजी 35 ते 40 मिली पाणी जास्त घ्या, कणीक तासभर मुरवा आणि पारी किंचित जाड ठेवा.

चालू पंखा आणि पांढरं पीठ

तुर्की बायका ओक्लावा नावाच्या लांब, काठीसारख्या बारीक लाटण्याने भलीमोठी पोळी लाटतात. आपल्या पोळपाटावर ते जमणार नाही, आणि जमवायची गरजही नाही. कणकेचे चार गोळे करा, एक लाटा, तीन झाकून ठेवा. जाडी साधारण 1 मिलिमीटर.

आणि स्वयंपाकघरातला पंखा बंद करा! चौकोन कापून झाल्यावर वाऱ्याने त्यांच्या कडा पाच मिनिटांत सुकतात आणि मग कितीही दाबलं तरी चिकटत नाहीत. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याच्या हवेत हे आणखी लवकर होतं. एका वेळी भरून होतील तेवढेच चौकोन कापायचे, बाकीच्या पोळीवर पिळलेलं ओलं फडकं टाकायचं. कडा सुकल्याच असतील तर ओल्या बोटाने पुसट पाणी लावा. जास्त लावलं तर चिखल होतो.

पिठीचं उलट. ती पोळीखाली हवी, वर नको. वरच्या बाजूला मैदा राहिला की चारही टोकं जुळवूनही सांधा उकळत्या पाण्यात उकलतो. कापण्याआधी वरची पिठी कोरड्या फडक्याने झटकून टाका.

भरताना

पहिल्या खेपेला दीड सेंटिमीटरच्या मागे लागू नका. 3 सेंटिमीटरचा चौकोन घेतला तरी या मापात दोन-तीनशे मांत्या होतात, आणि एकट्याने बसलात तर मान अवघडते. तुर्की घरांत बायका म्हणूनच घोळक्याने बसून हे काम करतात. घरातल्या चार हातांना बोलवा.

खिमा चौकोनाच्या बरोबर मध्यावर ठेवायचा. त्याची चरबी कडेला पुसली गेली की तिथे सांधा धरत नाही. समोरासमोरची टोकं वर उचलून एकत्र दाबा, मग चारही शिवणी चिमटीत घ्या. दाबताना आत हवा राहिली तर उकळताना ती फुगते आणि पारी फाडते. सारण कमी घेतलं की हवा आपोआप बाहेर जाते.

भरलेल्या मांत्या ताटात ढीग करून ठेवू नका, तळाच्या एकमेकींना चिकटतात. पिठी भुरभुरलेल्या ट्रेमध्ये एका थरात पसरा. आत कच्चं मांस आहे, तेव्हा आपल्या हवेत तासनतास बाहेर ठेवायच्या नाहीत. लगेच करायच्या नसतील तर ट्रेसकट फ्रीझरमध्ये ठेवा आणि कडक झाल्या की पिशवीत भरा.

कायसेरीकडची दुसरी रीत मला अधिक आवडते. मांत्या ओव्हनमध्ये 170 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं, फिकट गुलाबी होईपर्यंत शेकायच्या, निवल्या की फ्रीझरमध्ये ठेवायच्या. शेकलेली मांती चिकटत नाही, फुटत नाही, आणि पारीला खमंगपणा येतो. शिजायला मात्र पाच-सात मिनिटं जास्त लागतात.

उकळताना

लहान पातेलं घेतलं की थंड मांत्या पडताच पाणी निवतं आणि त्या तळाशी बसून चिकटतात. वरच्या मापाला 3 ते 4 लिटर पाणी, त्यात मोठा चमचाभर मीठ. पाणी खळखळू लागल्यावर मांत्या सोडा, झाऱ्याच्या पाठीने एकदाच हलक्या हाताने ढवळा, मग आच मध्यम करा. सतत घुसळलं तर शिवणी सुटतात.

मांत्या वर आल्या म्हणजे शिजल्या असं नाही. वर आल्यावरही काही मिनिटं द्यावी लागतात. 3 सेंटिमीटरच्या ताज्या मांत्यांना एकूण आठ-दहा मिनिटं. एक काढून मधोमध कापून बघा. खिमा गुलाबी दिसत असेल किंवा चार पदर जुळतात तिथे पांढरी कच्ची गाठ दिसत असेल तर अजून वेळ आहे.

फ्रीझरमधल्या मांत्या बाहेर काढून मऊ होऊ देणं ही हमखास पस्तावायची गोष्ट. त्या घट्ट असतानाच थेट उकळत्या पाण्यात टाका, थोड्या थोड्या.

दही

सारणात दोन तास घालवणारा माणूस दही मात्र फ्रिजमधून काढून तसंच ओततो, आणि सगळ्यात मोठी फसगत इथे होते. थंडगार दह्याने गरम मांती क्षणात कोमट होते आणि लोण्याचे पांढरे गोळे जमतात. म्हणून दही तासभर आधी बाहेर काढा. गरम करायला जाऊ नका, ते फुटतं. मायक्रोवेव्हमध्ये तर नक्कीच.

आपलं घरचं दही तुर्की दह्यापेक्षा पातळ आणि बहुधा आंबट असतं. अर्धा किलो ताजं, गोडसर दही मलमलच्या फडक्यात तासभर टांगा. श्रीखंडाच्या चक्क्याइतकं कोरडं नको, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकंच. आंबट दह्यात साखर घालून ते सुधारत नाही, तो दिवस कढीचा करावा. परदेशात असाल तर साधं ग्रीक योगर्ट दोन चमचे पाण्याने सैल करून चालेल.

लसूण दोन लहान पाकळ्या, मिठाबरोबर खलबत्त्यात पार लगदा होईपर्यंत कुटलेली. चिरलेल्या लसणाचे तुकडे दाताखाली येतात. मिक्सरमध्ये दही फिरवलं तर ताक होतं, हातानेच फेटा.

लोणी आणि मिरची

50 ग्रॅम लोणी वितळून फेसाळू लागलं की गॅस बंद करायचा, मग मिरची घालायची. फोडणीत तिखट करपून काळं पडतं तसंच इथेही होतं, आणि करपलेल्या मिरचीचा कडवटपणा दह्यालाही झाकता येत नाही.

तुर्की पुल बिबेर भरड, तेलकट, लाल आणि बेताचं तिखट असतं. आपल्याकडे बिया काढलेली ब्याडगी भरड कुटून घेतली की बरंच जवळ जाता येतं. पिझ्झ्यावरचे चिली फ्लेक्स नकोत, त्यात बिया आणि जाळच जास्त. जर्मनीत राहणाऱ्या मंडळींना तुर्की दुकानात पुल बिबेर आणि सुमाक दोन्ही सहज मिळतात. इथे सुमाक ऑनलाइन मिळतो. नसेल तर वगळा. आमचूर घातलं तर तेच तेवढं लागतं.

पुदिना सुकाच हवा. ताजी पानं सावलीत दोन-तीन दिवस वाळवून तळहातांवर चोळा.

वाढतानाचा क्रम ठरलेला आहे. मांत्या चाळणीत निथळून, पण नळाखाली न धरता, पसरट ताटलीत. वर दही, दह्यावर लोणी, शेवटी पुदिना आणि सुमाक. सगळं पातेल्यातच एकत्र कालवू नका. खायला चमचा घ्या, काटा नको.

तरीही फुटल्याच तर

पातेल्यात निम्म्या मांत्या उकलल्या असतील तर त्या उपसत बसू नका. अदाना भागात युक्सुक चोर्बासी नावाचं सूप करतात: चिमुकल्या मांत्या, उकडलेले काबुली चणे आणि टोमॅटोची पेस्ट. पातेल्यातलं थोडं पाणी काढून टाका, लोण्यात परतलेली दोन चमचे टोमॅटो पेस्ट आणि वाटीभर उकडलेले चणे घाला, पाच मिनिटं उकळा, वर सुका पुदिना आणि लिंबू. वाडग्यात वाढा. दही शेजारी ठेवा, सुपात घालू नका.